कर्कपॅट्रिक-खैरुन्निसा प्रकरण : एका प्रेमकथेची साधने आणि त्यांचे वाचन

१

एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी हैदराबादच्या इंग्रज रेसिडेन्सीत घडलेले जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा बेगम यांचे प्रेमप्रकरण आज सर्वश्रुत आहे. विल्यम डॅलरिंपल यांचा 'व्हाइट मुघल्स' हा ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून ते सर्वसामान्य वाचकांपर्यंतही पोहोचले. तथापि ह्या प्रकरणाची चर्चा बहुधा दोन टोकांना जाऊन थांबते. काही अभ्यासक त्यात दोन संस्कृतींच्या मीलनाची उदात्त कहाणी पाहतात, तर काहींना त्यात सत्ताधारी पुरुषाने परक्या मुलखातील अल्पवयीन मुलीशी केलेला व्यवहार तेवढा दिसतो. ह्या दोन्ही निष्कर्षांपूर्वी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे. हे प्रेम आपल्याला कोणत्या कागदांतून कळते? ते कागद कोणी, कोणासाठी व कोणत्या गरजेपोटी लिहिले? प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाच्या अनुषंगाने ह्या प्रकरणाच्या साधनांचा विचार करावयाचा आहे. चरित्र आणि ऐतिहासिक कादंबरी ह्या वाङ्मयप्रकारांचा अभ्यास करणाऱ्यांना तो उपयुक्त ठरावा.

२

प्रथम प्रकरणाची पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. जेम्स कर्कपॅट्रिकचा जन्म १७६४ मध्ये मद्रास येथे झाला. त्याचे वडील कंपनीच्या मद्रास फौजेत अधिकारी होते. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन जेम्सही त्याच फौजेत दाखल झाला. त्याचा सावत्र भाऊ विल्यम हा फारसीचा जाणकार होता. टिपू सुलतानाच्या निवडक पत्रांचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १८११ मध्ये प्रसिद्ध झाले. विल्यम हैदराबाद येथे रेसिडेंट असताना जेम्स त्याच्या हाताखाली आला आणि विल्यमची प्रकृती ढासळल्यावर त्याच्या जागी बसला. पुढे विल्यम गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या खास विश्वासातला अधिकारी झाला. म्हणजे ज्या भावाला जेम्स आपल्या मनातले लिहीत होता, तो भाऊ त्याच्या वरिष्ठाच्या कचेरीतच बसलेला होता. ह्या गोष्टीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

तत्कालीन दख्खनच्या राजकारणाशी मराठी वाचक अपरिचित नाही. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव झाला आणि त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क, अर्थात अरिस्तू जाह, ओलीस म्हणून पुण्यास आला. सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतर पुणे दरबारात जो गोंधळ माजला त्याचा लाभ घेऊन तो सुटला आणि १७९७ मध्ये पुन्हा हैदराबादेत दिवाणपदावर आरूढ झाला. खर्ड्याचा घाव निजामाच्या दरबारात ताजा होता, आणि मराठ्यांच्या भयानेच तो दरबार इंग्रजांकडे झुकला. सप्टेंबर १७९८ मध्ये निजामाने तैनाती फौजेचा तह केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील त्याच्या कवायती पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. ही दोन्ही कामे पार पाडणारा अधिकारी म्हणजे जेम्स कर्कपॅट्रिक. निजाम अली खानाने त्याला 'हशमत जंग' हा किताब दिला आणि त्याला आपला मानलेला मुलगा म्हणून गौरविले.

खैरुन्निसा ही इराणी वंशाच्या सय्यद घराण्यातली. तिचे आजोबा बाकर अली खान हे निजामाच्या वतीने इंग्रज फौजेचे बक्षी होते आणि निजामाचा कंपनीकडील वकील मीर आलम हा त्यांचा नातलग होता. तिचे वडील हयात नव्हते. आई शरफुन्निसा आणि आजी यांच्या छायेत ती वाढत होती. १७९८ च्या अखेरीस तिच्या बहिणीच्या लग्नसमारंभात पडद्याआडून तिने कर्कपॅट्रिकला प्रथम पाहिले असे सांगितले जाते. पुढे प्रकरण वाढले तेव्हा तिचे वय सुमारे चौदा वर्षांचे होते, कर्कपॅट्रिकने पस्तिशी गाठली होती, आणि तिचा विवाह अन्यत्र ठरलेला होता.

३

ह्या प्रकरणाचे पहिले साधन म्हणजे दोघा भावांचा खाजगी पत्रव्यवहार. हा पत्रव्यवहार आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून त्याचा काही भाग सांकेतिक लिपीत लिहिलेला आहे. आरंभी जेम्स भावापाशीही प्रकरण नाकारतो, नंतर टप्प्याटप्प्याने कबूल करीत जातो. त्याच्या कथनानुसार पुढाकार त्याचा नव्हता. मुलीने व तिच्या घरच्या स्त्रियांनी भेट घडवून आणली. मुलीने आपले प्रेम व्यक्त केले. ठरलेल्या ठिकाणी लग्न लावल्यास जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा निर्धार तिने बोलून दाखविला. अशा प्रसंगी निग्रहाने दूर राहणे कोणाही माणसाच्या शक्तीबाहेरचे होते, असे तो सुचवितो.

हे कथन खोटेच असले पाहिजे असे मानण्याचे कारण नाही. हैदराबादच्या अमीर घराण्यांतील जनानखाना हा निष्क्रिय स्त्रियांचा समूह नव्हता. मालमत्ता, सोयरीक आणि दरबारातील हितसंबंध ह्या बाबतींत तेथील ज्येष्ठ स्त्रिया स्वतःचे धोरण आखीत असत. नातीच्या मनाविरुद्ध ठरलेले लग्न मोडण्यासाठी आजीने आणि आईने रेसिडेंटचा आधार शोधला असेल, तर त्यात अशक्य असे काही नाही. परंतु हे कथन ज्या वेळी लिहिले गेले ती वेळ ध्यानात घेतली पाहिजे. जेम्सवर बलात्काराचा व घराण्यावर दडपण आणल्याचा आरोप होत असताना, वेलस्लीच्या कानाशी असलेल्या भावाला ही पत्रे लिहिली गेली. अशा पत्रात लेखकाचे मन असते, तसेच त्याचे बचावाचे भाषणही असते. खाजगी पत्र म्हणजे निर्मळ अंतःकरण, ही समजूत चरित्रकाराने प्रथम सोडून द्यावयास हवी.

४

दुसरे साधन चौकशीचे. प्रकरणाची कुजबुज कलकत्त्यापर्यंत गेल्यावर एकदा चौकशी झाली आणि तीत बाकर अलींनी रेसिडेंटला दोषमुक्त करणारा मजकूर दिला. मार्च १८०१ मध्ये खैरुन्निसेला मुलगा झाला आणि प्रकरण पुन्हा पेटले. नोव्हेंबर १८०१ मध्ये मद्रास येथे गव्हर्नर लॉर्ड क्लाइव्ह याच्यासमोर बाउझर व ऑर ह्या हैदराबादेत राहिलेल्या दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या शपथेवर साक्षी घेण्यात आल्या.

ह्या चौकशीतील प्रश्नांचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. रेसिडेंटने आपल्या पदाच्या बळावर त्या कुटुंबास भाग पाडले काय? अरिस्तू जाहने ह्या नाजूक प्रकरणाचा लाभ घेऊन कंपनीकडून काही सवलती पदरात पाडून घेतल्या काय? रेसिडेंटची निष्ठा ढळली आहे काय? सरकारला काळजी होती ती कंपनीच्या प्रतिष्ठेची व हिताची. मुलीची इच्छा काय होती हा प्रश्न पुढे आला तो आरोपाची सत्यता तपासण्यापुरता. आणि जिच्याविषयी हे सर्व चालले होते ती साक्षीदार म्हणून कोठेही उभी नाही. पडदानशीन स्त्रीची साक्ष घेण्यातली अडचण खरी होती. पण तेवढ्याने तिची अनुपस्थिती पुरती उलगडत नाही. सरकारला तिची साक्ष नको होती, कारण सरकारच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नव्हतेच.

चौकशीअंती कर्कपॅट्रिक पदावर राहिला. ह्याचे कारण त्याच्या राजकीय उपयुक्ततेत शोधणे अधिक सयुक्तिक होय. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहान्वये निजामाने म्हैसूरच्या युद्धांत मिळविलेला मुलूख तैनाती फौजेच्या खर्चापोटी कंपनीला देऊन टाकला. हा तह घडवून आणला कर्कपॅट्रिकनेच, आणि त्या वेळी खैरुन्निसा गर्भवती होती. ही एकच गोष्ट त्याच्या व्यक्तित्वातील ताण दाखविण्यास पुरेशी आहे. निजामाचा मानलेला मुलगा, हैदराबादी घराण्याचा जावई आणि त्या राज्याच्या स्वातंत्र्याची दोरी आवळणारा अधिकारी ही तिन्ही नाती त्याने एकाच काळात सांभाळली. पुढील वर्षांत वेलस्लीच्या आक्रमक धोरणाविषयी त्याच्या मनात नाराजी वाढत गेली. परंतु प्रेमामुळे तो कंपनीचा विरोधक झाला, असे सरळ समीकरण मांडता येत नाही.

५

तिसरा पुरावा वेशाचा, वास्तूचा आणि धर्मविधीचा. १८०१ मध्ये पुण्याकडे निघालेला तरुण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हैदराबादेत थांबला होता. पुढे पेशवाईच्या अस्ताचा साक्षीदार व मुंबईचा गव्हर्नर झालेल्या ह्या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत कर्कपॅट्रिकच्या मोठ्या मिशा, बारीक कापलेले केस व मेंदीने रंगविलेली बोटे नोंदवून ठेवली आहेत. त्या काळच्या पुण्याच्या रेसिडेन्सीतही असेच एक घर होते. १७९८ ते १८०१ ह्या काळात तेथे रेसिडेंट असलेल्या विल्यम पामरची सहचारिणी फैज बक्ष ही मुसलमान स्त्री असून तिचा व खैरुन्निसेचा पुढे घनिष्ठ स्नेह जडला. १८०१ मध्ये वेलस्लीने पामरच्या जागी बॅरी क्लोजची नेमणूक केली. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारात पामरच्या कारकिर्दीचे राजकीय कागद मराठी अभ्यासकांच्या हाताशी आहेत. त्या कागदांमागील घरगुती जगाची जाणीव ठेवून ते पुन्हा वाचण्यास वाव आहे.

कर्कपॅट्रिकने शिया पंथाच्या रीतीने इस्लाम स्वीकारून खैरुन्निसेशी निकाह लावला. पण तो गुप्तपणे. कंपनीच्या दप्तरी त्याने हा विवाह उघडपणे नोंदविला नाही. १८०३ च्या सुमारास सुरू झालेली रेसिडेन्सीची भव्य इमारत मात्र आजही उभी आहे. सॅम्युएल रसेल ह्या लष्करी अभियंत्याने तिचा आराखडा केला. पुढे दीर्घकाळ तेथे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय होते. तिच्या आवारातील खैरुन्निसेचा रंगमहाल एकोणिसाव्या शतकातच पाडला गेला; पण त्या बागेत मूळ इमारतीची एक छोटी प्रतिकृती आहे. पडद्यात राहणाऱ्या बेगमेस इमारतीचे दर्शनी रूप पाहता यावे म्हणून ती करविली, असे लोक सांगतात. ही लोककथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यात एक मार्मिक सत्य आहे. ज्या वास्तूतून राज्य चालत होते, तिचा दर्शनी भाग त्या घरच्या मालकिणीला प्रतिकृतीतच पाहावा लागत होता.

६

चौथे साधन मृत्युपत्र. १७९१ मध्ये कंपनीने एतद्देशीय स्त्रीच्या पोटी जन्मलेल्या मुलांना आपल्या मुलकी व लष्करी नोकरीची दारे बंद केली होती. अशा मुलांचे भवितव्य इंग्लंडमध्येच घडेल, ह्या विचाराने कर्कपॅट्रिकने आपली मुले, म्हणजे साहिब आलम आणि १८०२ मध्ये जन्मलेली नूरुन्निसा, १८०५ मध्ये मद्रासहून जहाजाने इंग्लंडला पाठविली. निघण्यापूर्वी जॉर्ज चिनरी ह्या चित्रकाराने त्यांचे चित्र काढले. हैदराबादी पोशाखातील ती दोन बालके त्या चित्रात अखेरची हैदराबादी म्हणून दिसतात. त्यांना निरोप देण्यासाठी गेलेला कर्कपॅट्रिक तेथून कलकत्त्यास गेला आणि १५ ऑक्टोबर १८०५ रोजी तेथे मरण पावला.

त्याच्या मृत्युपत्रात दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात. मुलांच्या आईविषयी त्यात अपार प्रेम व्यक्त केलेले आहे. तिच्याजवळ स्वतःच्या जहागिरी व संपत्ती असल्याने वेगळी तरतूद करण्याची गरज नाही असे म्हणून केवळ स्नेहाची खूण म्हणून दहा हजार हैदराबादी रुपये तिला दिले आहेत. परंतु त्याच दस्तऐवजात मुलांचा उल्लेख विवाहबाह्य संततीला लावल्या जाणाऱ्या कायदेशीर शब्दाने येतो. मुजताहिदासमोर ती पत्नी होती. इंग्रजी कायद्यासमोर ती पत्नी नव्हती. मुलांचा वारसा निर्वेध मिळावा म्हणून त्याने ही भाषा वापरली असेल, असा तर्क करता येतो. तथापि त्याने एका जगातील नाते दुसऱ्या जगात सांगितले नाही, आणि त्याची किंमत खैरुन्निसेने मोजली, हे नाकारता येत नाही.

ती किंमत कोणती, हे पुढील घटनांवरून समजते. १८०६ मध्ये खैरुन्निसा आईसह कलकत्त्यास गेली. पतीचा विश्वासू सहायक हेन्री रसेल तेथे होता. त्या दोघांचा संबंध जुळला. दरम्यान अरिस्तू जाहचा मृत्यू होऊन १८०४ पासून मीर आलम दिवाण झाला होता. त्याच्या वैरामुळे तिला हैदराबादेत परतता येईना, आणि तिला मच्छलीपट्टणला राहावे लागले. रसेलने १८०८ मध्ये मद्रासेत दुसऱ्याच स्त्रीशी विवाह केला. हे सारे आपल्याला कळते ते रसेलने आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांतून. म्हणजे पुन्हा एकदा एक अधिकारी आपल्या भावाला लिहितो आहे आणि त्या ओळींमधून आपण एका स्त्रीचे दुःख वाचतो आहोत. हैदराबादेत परतल्यावर १८१३ मध्ये, वयाच्या सुमारे सत्ताविसाव्या वर्षी ती वारली. त्या वेळी हैदराबादचा रेसिडेंट होता हेन्री रसेल.

७

पाचवे साधन ललित वाङ्मयाचे. इंग्लंडला गेलेल्या मुलांचा १८०६ मध्ये बाप्तिस्मा झाला आणि ती विल्यम जॉर्ज व कॅथरिन ऑरोरा झाली. कॅथरिन, अर्थात किटी, हिची टॉमस कार्लाइलशी ओळख झाली ती तिच्या चुलत बहिणींच्या घरी. विल्यम कर्कपॅट्रिकच्या एका मुलीचा विवाह एडवर्ड स्ट्रेची याच्याशी झाला होता. एल्फिन्स्टनबरोबर १८०१ मध्ये हैदराबादमार्गे पुण्यास गेलेला स्ट्रेची तो हाच. दुसरी बहीण बुलर घराण्यात दिलेली होती आणि कार्लाइल त्या घरच्या मुलांचा शिक्षक होता. १८३३-३४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'सार्टर रिसार्टस' मधील ब्लुमिने ही नायिका किटीवरून सुचली, असे मत पूर्वीपासून मांडले जाते. मार्गारेट गॉर्डन ह्या दुसऱ्या स्त्रीचेही नाव त्या संदर्भात घेतले जाते. कार्लाइलने आपल्या आठवणींत किटीचे वर्णन करताना तिच्या स्वभावातील सौम्य आळसात बेगमेची छटा पाहिली आहे. आईचे सारे आयुष्य मुलीच्या बाबतीत एका विशेषणापुरते उरले. १८९३ मध्ये एडवर्ड स्ट्रेचीच्या मुलाने, सर एडवर्ड स्ट्रेची याने, 'ब्लॅकवुड्स मॅगझिन' मध्ये लेख लिहून कर्कपॅट्रिकच्या विवाहाची कथा इंग्रज वाचकांपुढे ठेवली ती अद्भुतरम्य प्रेमकथा म्हणूनच. आज आपल्यापर्यंत आलेल्या कथेचा साचा तेथे पक्का झाला.

ह्या सर्व साधनांत वेगळे उठून दिसते ते एकच, आणि त्याचा उल्लेख मुद्दाम शेवटी करीत आहे. १८४१ च्या सुमारास किटीला चिनरीचे ते चित्र हेन्री रसेलच्या घरी पाहावयास मिळाले, आणि आपली आजी शरफुन्निसा हैदराबादेत हयात असल्याचे तिला समजले. जवळजवळ छत्तीस वर्षांनी आजी आणि नात यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. आजी फारसीत, नात इंग्रजीत. १८४७ मध्ये आजीचा मृत्यू होईपर्यंत तो चालला. ह्या पत्रांत नातीने आईविषयी विचारले आहे, आणि आजीने मुलीच्या निकाहाची हकीकत सांगितली आहे. ह्या प्रकरणाविषयी स्त्रीने स्त्रीला लिहिलेले असे हे कागद होत. त्यांत राजनिष्ठेचा प्रश्न नाही, बचाव नाही. आहे ती विवाहाच्या वैधतेची ग्वाही. मुलांच्या बापाने जी गोष्ट मृत्युपत्रात लिहिली नाही, ती आजीने नातीला लिहून कळविली. अर्थात आजीलाही घराण्याची अब्रू राखावयाची होती, हे विसरून चालणार नाही. तरीही तिच्या साक्षीचे वजन निराळे आहे.

८

वरील विवेचनावरून काही गोष्टी लक्षात येतात. खैरुन्निसेचा शब्द आपल्यापर्यंत इतरांच्या लेखणीतून येतो. तिचे प्रेम खरे होते की नव्हते, असा प्रश्न साधनांना थेट विचारणे व्यर्थ आहे. मात्र तिने काय केले, हे साधने सांगतात. ठरलेले लग्न तिने नाकारले, पतीच्या मृत्यूनंतर कलकत्त्यापर्यंतचा प्रवास केला, नव्या संबंधाचा धोका पत्करला, आणि हद्दपारी भोगली. ह्या कृतींचा क्रम हेच तिचे निवेदन समजून वाचावे लागते. दुर्बा घोष यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात वसाहतीच्या दप्तरांत एतद्देशीय स्त्रियांची नावेसुद्धा कशी पुसली जातात ते दाखविले आहे. खैरुन्निसेचे नाव राहिले, कारण ती अमीर घराण्यातली होती आणि तिच्यामुळे सरकार अडचणीत आले. कर्कपॅट्रिकला खैरुन्निसेच्या आधीही एका एतद्देशीय स्त्रीपासून एक मुलगा झाला होता. तो मुलगा कथेत ओझरता येतो, त्याची आई येत नाही. प्रेमकथा म्हणून कोणाची कहाणी टिकते आणि कोणाची टिकत नाही, हाही शेवटी दप्तराचा निवाडा असतो.

मराठी अभ्यासकाला ह्यात आपल्या ओळखीचा प्रश्न आढळेल. मस्तानी आपल्याला भेटते ती मुख्यतः पेशवे कुटुंबीयांच्या व कारभाऱ्यांच्या पत्रांतून. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (१९७२) सारख्या कादंबरीने तिला बोलते केले ते कादंबरीकाराच्या अधिकाराने. तो अधिकार कादंबरीला आहेच. चरित्रकाराला तो नाही; परंतु मौन जेथे आहे तेथे ते मौन कोणी निर्माण केले हे सांगणे त्याच्या कक्षेत येते, नव्हे, ते त्याचे कर्तव्यच ठरते. ऐतिहासिक कादंबरी शिकविताना साधने आणि कथा यांमधील हे अंतर विद्यार्थ्यांपुढे उघडे करून ठेवणे अगत्याचे आहे. कर्कपॅट्रिक प्रकरण त्यासाठी विशेष सोयीचे, कारण त्यात पत्र, साक्ष, रोजनिशी, वास्तू, मृत्युपत्र, चित्र आणि ललितकृती अशी साधनांची जवळजवळ सर्व रूपे एकाच घटनेभोवती गोळा झाली आहेत; आणि प्रत्येक साधनातील कर्कपॅट्रिक थोडा वेगळा आहे. भावापाशी तो असहाय प्रेमिक आहे, सरकारपाशी उपयुक्त अधिकारी, मुजताहिदापाशी मुसलमान जावई, आणि मृत्युपत्रात इंग्रज पिता. ह्यांतला कोणता खरा, असे विचारण्यापेक्षा हे सर्व एकाच माणसाला एकाच वेळी असावे लागले, ही वस्तुस्थिती स्वीकारणे अधिक फलदायी होईल. त्याच्या अशांत प्रेमजीवनाचे मूळ त्याच्या स्वभावापेक्षा ह्या विभागलेल्या अस्तित्वात आहे, आणि त्या विभागणीची झळ त्याच्यापेक्षा अधिक काळ खैरुन्निसेला व तिच्या मुलांना सोसावी लागली.